माशीचा डोळा, वहिनीची पाठ

यंदाही दिवाळीच्या तोंडावर आभाळ भरून आलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मला ते दिसलं आणि हातातलं काम मी बाजूला ठेवलं. पुण्यात या दिवसांतलं मळभ म्हणजे जरा गार हवा आणि गरम भजी. आमच्या गावात मात्र असं आभाळ आलं की माणसं वर बघत नाहीत, खळ्याकडे बघतात.

गाव म्हसळ्याहून खाली, खाडीच्या तोंडाशी. नवरात्र उलटलं की तिथे सुकवणीचा हंगाम सुरू होतो. खळं म्हणजे मासळी सुकवायची सारवलेली मोकळी जागा. एका अंगाला बारीक कोळंबीसारखा जवळा पसरलेला असतो, दुरून कुणी गुलाल सांडून गेल्यासारखा. दुसऱ्या अंगाला वलांडी, म्हणजे बांबू रोवून आडव्या बांधलेल्या दोऱ्या, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून उलटे टांगलेले बोंबील. वारा आला की ते सगळे एकदम हलतात. ऊन कडक असलं तर दोन-तीन दिवसांत माल खडखडीत होऊन वाजायला लागतो. ऊन गेलं की माश्या येतात.

त्या येतात म्हणजे कशा, हे शहरातल्या माणसाला सांगून कळणार नाही. आधी एक-दोन. मग दोऱ्या जाड दिसायला लागतात. जवळ गेलं की अख्खी दोरी उठते, गरगरते आणि तुम्ही हात खाली घेतलात की परत बसते. त्यांचा आवाज घरात येतो, जेवताना येतो, झोपेत येतो. माझं सगळं लहानपण हातात टॉवेल घेऊन त्या खळ्यावर गेलं. आणि पुढे मी शिकले तेही माशीवरच. आई कुणालाही सांगायची, "मी जल्मभर माश्या हाकलल्या, आन् माझी पोर माश्या पाळायला पुन्याला गेली."

मला माशीत दिसायचं ते असं, की टॉवेल पोचायच्या आत ती उडालेली असते. तिचा डोळा आपल्यापेक्षा कितीतरी चपळ. डोळ्यात उजेड पडतो, पण पुढे मेंदूला ते सांगावं लागतं, आणि सांगायचं काम विजेच्या तारेनं होत नाही. एका पेशीचं टोक दुसरीच्या टोकाला चिकटलेलं नसतं. मध्ये फट असते, आणि त्या फटीत रसायनाचा थेंब सोडून निरोप पोचवला जातो. माशीच्या डोळ्यातल्या पहिल्या पेशी जे रसायन सोडतात त्याचं नाव हिस्टामीन. आपल्या अंगात तेच उसळलं की शिंका येतात, गांधी उठतात. नासलेला बांगडा खाल्ला की तोंड लाल होऊन डोकं ठणकतं, त्यातही हेच असतं. माशी मात्र त्याच्यावर जग बघते. आणि त्यातली मला कायम चकित करणारी गोष्ट ही, की उजेडाचा हा निरोप मिळाला की पुढची पेशी जागी होत नाही, गप्प होते. तिच्या गप्प होण्यावरून मेंदूनं ओळखायचं, उजेड पडला.

हे मी एकदा वहिनीला सांगितलं होतं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको, मंदा. आम्ही खळ्यावर जवळा उलटत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी उजेड दिसला की गप ऱ्हायचं?"

"त्या पेशीनं. हो."

"सासरी येताना माझ्या आयनं बी हेच सांगितलं होतं," ती म्हणाली आणि जवळ्यातला कचरा निवडत राहिली.

ती गप्प राहणारी नव्हती. खाडीपलीकडच्या गावातली, तांडेलाची मुलगी. तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो, उभी हयात स्वतःच्या होडीचं सुकाणू धरून बसलेले. बाप वाऱ्याशी बोलतो आणि लेक सगळ्या गावाशी, असं लोक म्हणायचे. म्हसळ्याच्या बाजारात ती सुकटीची पाटी घेऊन बसली की शेजारच्या बायका आपली गिऱ्हाइकं सोडून तिचं ऐकत बसत. आईशी तिचं रोज भांडण व्हायचं आणि रोज दोघी एका ताटलीत चहा ओतून प्यायच्या. मी माहेरी गेले की माझं डोकं मांडीवर घेऊन तेल घालायची. तिच्या हातांना मासळीचा वास यायचा, कितीही धुतले तरी. मला तो वास आजही कुठे आला की मी थांबते.

काही वर्षांपूर्वी मी दिवाळीसाठी आठवडाभर आधीच घरी गेले, तेव्हा मळभ येऊन बसलेलं होतं. मध्येच एक सर येऊन गेली होती. दोऱ्यांवरचे बोंबील पिवळे पडत चालले होते आणि माश्यांनी खळं काळं केलं होतं. दादा होडीवर होता, बाहेर समुद्रात. घरात आई, वहिनी आणि दादा-वहिनीची दुसरीतली मुलगी, नंदू.

आई म्हणत होती, हा माल आता टाकून द्यावा. वहिनी ऐकत नव्हती.

"सगली मारतात औषध," ती म्हणाली. "एकदा फवारला की माशी बसत न्हाय."

"आपल्याकडं कवा मारला न्हाय," आई म्हणाली.

"मग आपल्याच दोऱ्यांवर गावच्या माश्या येनार ना. बाकीचे मारतात, त्या उठून हितं बसतात."

वहिनीचं म्हणणं खोटं नव्हतं. आजूबाजूच्या खळ्यांवर फवारणी चालू होती, रातोरात आमच्याकडे माश्या दुप्पट झाल्या होत्या. दोघींचे आवाज चढले. शेवटी आई ओरडली, "काय करायचा ता कर, मला सांगू नको." हे वाक्य शेजारच्या तीन-चार घरांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी नेमकं तेवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

औषध हा आमच्याकडचा शब्द विचार करण्यासारखा आहे. तापाची गोळी म्हणजे औषध, आंब्याच्या मोहरावर फवारायचं विष म्हणजेही औषध. झाडावर मारतात ते औषध, माणूस घेतो तेही औषध. आणि 'तिनं औषध घेतलं' असं कुणी आवाज खाली करून म्हणालं, तर तिला ताप होता असं कुणीही समजत नाही.

सकाळी ऊन पडलं. इतके दिवस दडून बसलेलं, एकदम चटका देणारं ऊन. वहिनीनं वरच्या आंबेवाल्याकडून पाठीवरचा पंप आणि बाटली आणली. मी नंदूला शाळेत पोचवून आणि बाजार करून आले तेव्हा दुपार व्हायला आली होती. वलांडीखाली माश्यांचा सडा पडला होता. काही अजून उताण्या पडून पाय झाडत होत्या. त्या तशा का तडफडतात ते मला ठाऊक होतं. माशीच्या डोळ्यातून निघालेला निरोप पहिल्या टप्प्यानंतर पुढे जातो तेव्हा रसायनं बदलतात. मेंदूत बरंचसं काम ॲसिटिलकोलीन नावाचं दुसरं एक रसायन करतं. निरोप दिला की तो लगेच पुसावाही लागतो, नाहीतर पुढचा येणार कसा. पुसायचं काम करणारं एक द्रव्य शरीरात असतं. हे औषध नेमकं त्याला धरून ठेवतं. निरोप पुसलाच जात नाही. तोच तोच निरोप वाजत राहतो, पाय झाडत राहतात, आणि शेवटी सगळं थांबतं. मी वर्गात हे फळ्यावर काढून शिकवलेलं आहे.

वहिनी ओटीच्या पायरीवर बसली होती. घामानं निथळलेली. तोंडाला पदर लावून सारखी थुंकत होती.

"वैशू, उन लागला वाटतं," ती म्हणाली. "डोल्यांपुढं धुरकट झालाय. भर दुपारी दिवेलागन झाल्यागत."

मी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. इतक्या उन्हात बाहुली बारीक व्हायचीच, म्हणून मी तिला घरात, अंधाऱ्या माजघरात नेलं आणि परत पाहिलं. तेवढीच होती. दंडाच्या कातडीखाली बारीक बारीक स्नायू उडत होते, पाण्याखाली मासोळी हलावी तसे.

मी आईला हाक मारली. आम्ही दोघींनी तिचं लुगडं-चोळी फेडून अंगणात फेकलं, न्हाणीत बसवून साबण लावून डोक्यापासून पाणी ओतलं, परत साबण, परत पाणी. तिची पाठ, मानेपासून कमरेपर्यंत, लालसर झाली होती.  आई पाणी ओतत राहिली. त्यानंतर तिचंही डोकं संध्याकाळपर्यंत दुखत होतं, माझंही.

शेजारच्या टेम्पोतून आम्ही तिला म्हसळ्याला नेलं आणि तिथून रुग्णवाहिकेनं माणगावच्या बाजूला एका मोठ्या दवाखान्यात. घाटातल्या वळणांवर तिचा श्वास घरघरत होता. मी तिचं डोकं मांडीवर धरून तोंडातली लाळ पुसत होते. औषधाचं नाव मी पोचल्या पोचल्या डॉक्टरीण बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दुसरा प्रश्न न विचारता ॲट्रोपिन सुरू केलं.

ॲट्रोपिन म्हणजे धोतऱ्याच्या जातीच्या झाडांतून येणारं विषच. एका विषाचा आवाज दुसऱ्यानं दाबायचा. थोड्या वेळानं घाम थांबला, लाळ थांबली, छाती मोकळी झाली. बाहुल्या मोठ्या होत होत इतक्या मोठ्या झाल्या की डोळ्याचा सगळा रंगच नाहीसा झाला, नुसती काळी भोकं. आणि ती भ्रमात गेली. हे अपेक्षित असतं, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. अपेक्षित असतं म्हणजे बघवतं असं नाही. ती पांघरुणावरून काहीतरी वेचत होती. बोटांच्या चिमटीत धरून बाजूला टाकत होती. मग हात उचलून हवेत हाकलायची, हाड् हाड् करायची. "आये, बसल्या बघ परत," म्हणायची. तिथे एकही माशी नव्हती.

नेमका तेव्हाच पोलीस आला. दवाखान्यातून कळवलेलं असतं, त्यांना यावंच लागतं. वयस्क होता, सौम्य बोलणारा. असे पुष्कळ पाहिलेला.

"काय घेतलं?" त्यानं मला विचारलं.

"घेतलं नाही. मासळीवर फवारत होती, अंगावर सांडलं."

"घरात काही झालं होतं का?"

मी आदल्या दिवसाच्या भांडणाबद्दल सांगितलं. लपवण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही.

"बरं," तो म्हणाला. खाटेजवळ जाऊन त्यानं विचारलं, "बाई, ऐकू येतंय का? काय झालं सांगता का?"

वहिनीनं त्या काळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "अंगावर किती बसल्यात तुज्या," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीवरून माश्या झटकायला लागली. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, हात न हलवता. मग म्हणाला, "जबाब देण्याच्या स्थितीत नाहीत. शुद्धीवर आल्या की कळवा." तो गेला तेव्हा बाहेर बाकावर आमच्या गावची माणसं बसली होती. त्याचा प्रश्न त्यांनी ऐकला होता. माझं उत्तर किती जणांनी ऐकलं, मला माहीत नाही.

पुढे एक सकाळ आली. ती सकाळ मला या हंगामात दरवर्षी आठवते, आणि आठवू नये असंही वाटतं. वहिनी शुद्धीवर होती. थकलेली, पण पूर्ण तिच्यासारखी. चहा मागितला. नंदूनं डबा नेला का विचारलं. मग म्हणाली, "ती नर्स बाय विचारत होती, का घेतला म्हनून. मी औषध घेतला असा बोलतात काय गं लोक?"

"बोलू देत."

"मी कशाला घेईन? वास बघितला हायस का त्याचा?" तिला हसू आलं, पण ओठ पुरते हलले नाहीत. "पंप गलत होता. पाठीला थंड लागत होता. इतक्या उन्हाचा, मला बरा वाटला गं."

मी पोलिसाला फोन केला. तो म्हणाला, दुपारनंतर येतो. डॉक्टरीण बाईंनी मात्र सकाळी तपासताना तिला उशीवरून डोकं उचलायला सांगितलं होतं. वहिनीनं प्रयत्न केला. मान उचलली गेली नाही. तिला वाटलं अशक्तपणा. बाईंचा चेहरा बदललेला मी पाहिला. या विषाची अशी एक चाल असते. सगळं उतरलं असं वाटतं, माणूस चहा पितो, आणि मग स्नायू एकेक करून निरोप घ्यायचं सोडून देतात. आधी मान. मग खांदे. मग श्वास. दुपार व्हायच्या आत तिच्या घशात नळी घालून श्वासाचं यंत्र लावावं लागलं, आणि तिचा जबाब राहूनच गेला.

त्यानंतर तात्या पोचले. त्यांना कुणी काय सांगून पाठवलं होतं ते त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. ते सरळ खाटेपाशी गेले. वहिनी जागी होती. तिला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. नळीमुळे बोलता येत नव्हतं आणि मान, हात काहीच हलत नव्हतं.

"मंदे," ते म्हणाले, "कुनी काय केला तुला? मला सांग."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, त्याही तिला पुरत्या उचलता येत नव्हत्या. डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे वाहत गेलं. बापानं त्यात काय वाचायचं? मी त्यांना सकाळचं सगळं बोलणं सांगितलं, शब्द न् शब्द. ते ऐकून घेत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "तू शिकलेली हायस. पन तू त्यांचीच."

दादा होडीवरून आला तो थेट दवाखान्यात, अंगावर समुद्राचे कपडे तसेच. सासऱ्यांच्या पायाशी जाऊन उभा राहिला. ते उठून दुसऱ्या बाकावर बसले.

वहिनीच्या फुप्फुसात जंतू शिरले. तिची शक्ती पुरली नाही. एका दुपारी तिचा श्वास यंत्र घेत होतं आणि बाकी काहीच उरलं नाही. तिला गावात आणलं, तेव्हा वलांडीवर बोंबील तसेच टांगलेले होते. चांगले वाळलेले, एकही माशी न बसलेले. दादानं आणि मी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून तो सगळा माल उतरवला, खोल खड्ड्यात पुरला. आम्ही माती लोटत होतो, आणि पलीकडच्या खळ्यावरून तसाच चकचकीत माल पोत्यांत भरून टेम्पोत चढत होता. तो आधीही जात होता. यंदाही जात असेल. सुकट विकत घेताना लोक बोंबील उजेडात धरून बघतात, माशी बसलेली नाही ना. बसलेली नसली की माल चांगला समजतात.

मी त्या हंगामानंतर परत येऊन माश्यांच्या डोळ्यांवरच काम करत राहिले. लोकांना वाटतं, सोडून द्यावंसं वाटलं असेल. खरं सांगायचं तर मला दुसरं काही येत नाही. फक्त एक गोष्ट बदलली. सूक्ष्मदर्शकाखाली माशीचा डोळा ठेवला, रंगवलेल्या पेशी हिरव्या उजळल्या, की पूर्वी मला ते सगळं फार दूरचं वाटायचं, दुसऱ्या जातीचं. आता वाटत नाही. त्या किड्याच्या मेंदूत जे रसायन निरोप नेतं तेच वहिनीची मान उचलत होतं, पापणी उघडत होतं. माशी मारायला निघालेल्या विषाला दोघींमधला फरक ठाऊक नव्हता, कारण तिथे, त्या बारीक फटीत, फरक नाहीच. असं म्हटलं की लोक माना डोलावतात, सृष्टीची एकरूपता वगैरे म्हणतात. मला त्यात काही सुंदर दिसत नाही.

गावात आता काही जणी वलांडीवर बारीक जाळी टाकतात. त्यासाठी मी दोन हंगाम घरोघर बोलत फिरले. काही ऐकतात, काही म्हणतात जाळीखाली वारा लागत नाही, माल कुबट होतो. तेही खोटं नाही.

त्या वर्षीच, वहिनीचे दिवस घालून झाल्यावर, तात्या आले. बरोबर त्यांचे दोन मुलगे. खळ्याच्या कडेला उभे राहिले, ओटीवर आले नाहीत. आईनं पाण्याचा तांब्या नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नातीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "तिला पोचवून मग चौकीवर जानार. आधी सांगून ठेवतोय. मागनं म्हनू नका."

दादा ओटीच्या खांबाला टेकून बसला होता. त्या दिवसांत तो जेवायला बसवलं की जेवायचा, उठवलं की उठायचा. "नंदू शाळेत हाय," एवढंच तो म्हणाला.

आई म्हणाली, "मी ओरडले तिला. सगल्यांनी ऐकला. मी न्हाय म्हनत न्हाय." आणि आत निघून गेली.

पोलिसांनी बाटली नेली होती. पंप मागच्या पडवीत पडून होता. आंबेवाल्यानं तो परत घ्यायला नकार दिला होता. मी मधल्या दिवसांत हातमोजे घालून सोड्यानं, साबणानं तो पुन्हा पुन्हा धुतला होता. का धुतला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी तो बाहेर आणला, विहिरीचं साधं पाणी भरलं.

"तात्या, हा तो पंप. मी भिंतीला टेकवून दाखवते, कसा गळतो ते. एवढं बघा, मग जा."

मोठा मुलगा म्हणाला, "काय नाटक हाय?"

तात्यांनी त्याला हातानं गप्प केलं. पुढे आले आणि माझ्या हातातून पंपाचा पट्टा घेतला.

"तुम्ही नका घेऊ," मी म्हणाले. "धुतलाय, तरी नको."

त्यांनी ऐकलं नाही. जाळं खांद्यावर टाकावं तसा तो पंप पाठीवर घेतला, पट्टे आवळले आणि दांडा मारत मोकळ्या वलांडीच्या कडेनं चालायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रिकाम्या दोऱ्यांवर पाणी मारत. म्हातारा माणूस, पण पाय कोळ्याचे, सरावाचे. आम्ही मागून बघत होतो. आधी काही दिसलं नाही. मग डाव्या खांद्याखाली पांढऱ्या शर्टावर एक ओला डाग उमटला. प्रत्येक दांड्याबरोबर तो खाली सरकत गेला, पसरत गेला, कमरेपाशी पोचला. शर्ट पाठीला चिकटला आणि आतली कातडी दिसायला लागली.

दुसऱ्या टोकाला ते थांबले. हात मागे नेऊन त्यांनी पाठ चाचपली आणि ओला तळवा डोळ्यांपुढे धरून बघत राहिले. बराच वेळ. 

मीच शेवटी जवळ गेले. "तात्या, पंप उतरवा. आणि आत्ताच्या आत्ता अंगावरून पाणी घ्या. साबण लावून. धुतलेला असला तरी त्याचा भरवसा नाही."

ओले पट्टे आवळून बसले होते, त्यांना सुटेनात. दादा उठून आला आणि त्यानं मागून पंप उचलून धरला. दोघांपैकी कुणीच एकमेकाकडे पाहिलं नाही. मग ते विहिरीवर गेले. दादा पाणी शेंदत राहिला, ते अंगावर घेत राहिले. आईनं साबण आणि पंचा दगडावर आणून ठेवला, आणि त्यावर दादाचा एक धुतलेला शर्ट.

तो शर्ट घालून ते ओटीच्या पायरीवर येऊन बसले. खांद्यात जरा सैल होत होता. मघाचा तांब्या तिथेच होता. त्यांनी तो उचलला आणि वरून धार धरून सगळं पाणी प्यायले.

नंदू शाळेतून आली. आजोबांना बघून दारातच थांबली. त्यांनी तिला जवळ घेतलं.

"शिमग्याला न्यायला येईन," ते म्हणाले. "येशील आजाकडं चार दिस?"

तिनं बापाकडे पाहिलं.

"जाईल," दादा म्हणाला.

ते उठले आणि मुलांना घेऊन होडीकडे गेले. चौकीवर गेले नाहीत. गावात लोक काय बोलायचं ते बोलत राहिले, अजूनही कुणी कुणी बोलतं. शिमग्याला ते आले. अंगात दादाचाच शर्ट होता.